बेळगावात रोज कामाला जायला आणि रविवारी मुरमाच्या वाटांवर फिरायला एकच सायकल घ्यायची असेल तर कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अनगोळहून मच्छे औद्योगिक वसाहतीत रोज जाऊन-येऊन साधारण १५ किलोमीटर, रविवारी राजहंसगड, राकसकोप, जमलं तर जांबोटीपर्यंत. उंची ५ फूट ७ इंच, वजन ७२ किलो, खर्चाची तयारी ३५ हजारांपर्यंत. एका दुकानदारानं पुढं सस्पेन्शन असलेली एमटीबी (डोंगरवाटांची माउंटन बाइक) सुचवली, दुसऱ्यानं बारीक टायरची हायब्रिड (रोड सायकल आणि एमटीबी यांच्या मधली), आणि आता तुम्ही अडकलाय.

एमटीबी की हायब्रिड हा वाद बाजूला ठेवा, कारण सायकलीवरचं लेबल काहीच सांगत नाही. आपल्या भागासाठी मी दोन गोष्टी पहिल्यांदा बघेन: फ्रेममध्ये टायरला जागा किती आहे आणि सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे. या दोन्ही विकत घेतल्यानंतर सहज बदलता येत नाहीत. सीट, हँडल, पेडल, टायर हे सगळं पुढं बदलता येतं, फ्रेम मात्र आहे तशीच राहते.

टायरपासून सुरुवात करू. पिरनवाडीवरून जांबोटीकडं वळलात की डांबराच्या कडेला मुरूम आणि जांभ्याचे बारीक खडे लागतात, आतल्या पाणंदी तर सगळ्या तांबड्या मातीच्या. अशा ठिकाणी २८ किंवा ३२ मिमीचं टायर सैल खड्यांत रुततं आणि वळणावर घसरतं. टिळकवाडीच्या रेल्वे फाटकावर रूळ तिरके ओलांडले तर तेच टायर फटीत अडकतं. उलट २.१ इंची गुटगुटीत एमटीबी टायर रोजच्या डांबरावर घों घों आवाज करत तुमची ताकद खातं. ७०० आकाराच्या रिमवर ३८ ते ४२ मिमी रुंदीचं टायर तुम्हाला योग्य. त्याचा मधला पट्टा जवळपास सपाट आणि कडांना थोड्या गाठी असाव्यात. टायरच्या बाजूवर ४०-६२२ असा आकडा छापलेला असतो. पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा रिमचा व्यास. २९ इंची एमटीबीचा रिमही ६२२ चाच असतो, त्यामुळे टायर-ट्यूब शोधताना '७००' आणि '२९' या दोन नावांनी गोंधळू नका, हा आकडा सांगा.

दुकानात जाताना ६ मिमीची एलन की (षटकोनी पाना) खिशात ठेवा. मागच्या चाकाजवळ, पेडलच्या अक्षामागं जिथं फ्रेमच्या दोन नळ्या टायरच्या दोन्ही बाजूंनी जातात, तिथं ती की टायर आणि नळी यांच्यामध्ये सरकवून बघा. दोन्ही बाजूंना मोकळी सरकली तर ठीक. टेकत असेल तर ती सायकल सोडून द्या, मग ती कितीही देखणी असो. तीच चाचणी पुढच्या फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांत) आणि टायरच्या वरच्या बाजूला करा. सायकलीवर आत्ता ३५ चं टायर असेल आणि तुम्हाला ४० चं हवं असेल तर दोन्ही बाजूंना आणखी अडीच-अडीच मिमी धरा. मडगार्डला लागणारी जागा याहून वेगळी.

जागेवर इतका जोर देण्याचं कारण चिखल. तांबडा चिखल पातळ असतो, बराचसा उडून जातो. तुम्ही पुढं कधी बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या काळ्या रानात गेलात तर गोष्ट वेगळी. काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते. चाकाच्या दोन-तीन फेऱ्यांत मडगार्ड आणि टायर यांच्यामधली फट भरते, चाक जागीच थांबतं. लोक जोर लावून पेडल मारतात, चेन मातीनं भरलेल्या डिरेलरला (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाला) ओढते आणि डिरेलरचा हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा लहान तुकडा, मोडतो. काळ्या रानात ओल असेल तर सायकल घालूच नका. अडकलातच तर पेडल मारू नका. खाली उतरा, काडीनं माती काढा आणि सायकल खांद्यावर घेऊन डांबरापर्यंत या. त्या भागात दुसरा त्रास काट्यांचा. बाभळीचा काटा आणि सराटे पातळ टायरमधून थेट ट्यूबपर्यंत पोचतात, म्हणून पंक्चररोधक पट्टा आत असलेलंच टायर घ्या.

आता गिअर. राजहंसगडाची शेवटची चढण हीच तुमची परीक्षा धरा. पुढच्या सगळ्यात लहान चकतीचे दात भागिले मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दात, हे गुणोत्तर १ किंवा त्याहून कमी हवं. दात बहुतेक चकत्यांवर कोरलेले असतात, नसतील तर सरळ मोजा. पुढं २८ आणि मागं ३४ असेल तर गुणोत्तर ०.८२ येतं. मिनिटाला ६० वेळा पेडल फिरवलं तर सायकल ताशी साडेसहा किलोमीटरनं चढते, म्हणजे दम न लागता बसून चढता येतं. शहरी सायकलींत नेहमी दिसणारी जोडणी पुढं ४२, मागं २८ अशी असते. तिथं त्याच लयीत पाय फिरवायचे तर ताशी जवळपास १२ चा वेग ठेवावा लागतो, म्हणजे चढावर जवळजवळ दुप्पट ताकद. ती नसते, मग लय तुटते, गुडघ्यावर जोर येतो आणि शेवटी उतरून ढकलावं लागतं. पुढं तीन चकत्या, मागं आठ, ही जुनी वाटणारी रचना तुमच्या कामाला अगदी बरोबर बसते. पुढं एकच चकती हवी असेल तर ३२ ची घ्या आणि मागं ४२ दातांपर्यंत जाणारी कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बघा. पुढचा डिरेलर नसल्यानं चिखलात एक कटकट कमी होते. 'एकवीस गिअर', 'चोवीस गिअर' या आकड्यांना भुलू नका, त्यावरून सगळ्यात हलका गिअर कळत नाही.

मागच्या चाकात फ्रीव्हील आहे की कॅसेट, हेही तपासा. स्वस्त सायकलींत, शिमानो टूर्नीच्या सात गिअरच्या जोडणीत तर बहुतेक वेळा, हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) आट्यांनी बसणारं फ्रीव्हील असतं. त्यात उजव्या बाजूचं बेअरिंग अक्षाच्या टोकापासून बरंच आत येतं. अक्षाचा मोठा भाग आधाराशिवाय राहतो. कॅरिअरवर डबा-बॅग, वरून तुमचं वजन आणि रोजचे हंप, यानं तो अक्ष वाकतो, कधी तुटतो. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग टोकाजवळ असतं, म्हणून हा त्रास फारसा होत नाही. ओळखायचं असं: मागच्या चकत्या हातानं उलट्या फिरवा आणि मधोमध हत्यार बसवायची खाच बघा. खाच चकत्यांबरोबर फिरली तर कॅसेट, स्थिर राहिली तर फ्रीव्हील. आठ गिअरची कॅसेट असलेली साधी सायकल सात गिअरच्या फ्रीव्हीलवाल्या चकचकीत सायकलीपेक्षा केव्हाही चांगली.

पुढच्या सस्पेन्शनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या बजेटमध्ये घेऊ नका. या किमतीतल्या बऱ्याच फोर्कमध्ये नुसती स्प्रिंग असते, उसळी आवरणारं डॅम्पिंग नसतं. वजन दोन-अडीच किलो. चढावर उभं राहून पेडल मारलं की ती वर-खाली होते आणि जोर वाया जातो. दोन पावसाळ्यांत सीलमधून तांबडं पाणी आत जातं, नळ्या गंजतात आणि ती जाम होते. त्यापेक्षा साधा कडक फोर्क घ्या आणि टायरमधली हवा कमी करा, धक्के बरेच कमी बसतात. ४० मिमी टायरला तुमच्या वजनात रोजच्या डांबरावर पुढं ४० आणि मागं ५० पीएसआय पुरे. मुरमाच्या वाटेला पुढं ३५ आणि मागं ४२. त्याखाली गेलात तर खड्ड्यात ट्यूब रिमवर चेचते आणि एकमेकांसमोर दोन बारीक छिद्रं पडतात. असं जोडपंक्चर दिसलं तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती.

ब्रेक डिस्कचेच घ्या. पावसाळ्यात तांबड्या मातीचं पाणी रिमला चिकटतं आणि रिमब्रेकचे रबर त्याच्यावर पॉलिश पेपरसारखे घासत राहतात. रबर तर झिजतातच, हळूहळू रिमही पातळ होतो. केबलवाले डिस्कब्रेक चालतील. त्यात बऱ्याचदा एकच पॅड हलतो, दुसरा स्थिर असतो. पॅड झिजला की नुसती केबल ताणू नका, आधी मागच्या स्क्रूनं स्थिर पॅड डिस्कजवळ आणा, मग केबल. पॅडवर घासणारा थर अर्धा मिमी उरला की बदला. चोर्ला घाट उतरायचा विचार असेल तर नव्या पॅडनीच उतरा. सतत ब्रेक दाबून धरू नका: जोरात दाबा, वेग उतरवा, सोडा. पावसात त्या रस्त्यावर झाडांखाली शेवाळ असतं, तिथं वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही.

साइझ तुमच्या उंचीला बहुतेक १७ ते १८ इंच, म्हणजे मध्यम. तरी सायकलीवर उभं राहून बघा. आडव्या दांड्यात आणि तुमच्यात किमान ५ सेंमी अंतर हवं, मुरमाच्या वाटेवर अचानक पाय टेकावा लागतो. सीटची उंची अशी लावा: पेडल तळाला, टाच पेडलवर, गुडघा सरळ. मग चवडा पेडलवर ठेवून चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. बहुतेक लोक सीट फार खाली ठेवतात आणि गुडघे दुखले की सायकलीला दोष देतात.

हँडल सरळ दांड्याचं घ्या. मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल लांब डांबरी प्रवासाला उत्तम, खरं तुमच्या बजेटमध्ये ते घेतलं तर पैसा तिथं जातो आणि हब-ब्रेक हलक्या दर्जाचे मिळतात. त्याचे गिअर-ब्रेकचे एकत्र लिव्हर खराब झाले तर सुटे भागही महाग.

फ्रेमला मागं कॅरिअरसाठी आणि दोन्ही चाकांशी मडगार्डसाठी आटे पाडलेली भोकं आहेत का, हे नक्की बघा. नसतील तर पट्ट्या आवळून लावलेला कॅरिअर हंपवर सरकत राहतो. ४० मिमी टायरला मडगार्ड किमान ५० मिमी रुंद आणि पूर्ण लांबीचं असावं. पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला जाड रबराची पट्टी जोडा, ती जमिनीपासून चारेक बोटं वर राहू दे. चाकाचं सगळं पाणी तुमच्या बुटांवर आणि चेनवर जातं, ही पट्टी तेच अडवते. जून ते सप्टेंबर कामावर कोरडं पोचायचं असेल तर हा खर्च टाळू नका. चाकं दुहेरी भिंतीच्या रिमची आणि ३२ किंवा ३६ आऱ्यांची हवीत.

३५ हजार सगळे सायकलीवर घालू नका. पाचेक हजार बाजूला ठेवा: मडगार्ड, कॅरिअर, पुढं-मागं दिवे, कुलूप, पंप, दोन जादा ट्यूब, टायर लिव्हर, पॅच. आणि सायकल घेतानाच त्याच मॉडेलचा एक जादा हँगर मागून घ्या. तो प्रत्येक फ्रेमला वेगळा असतो. उद्यमबागेत लेथवर काय हवं ते करून मिळतं, पण हँगर मोडायचा तो खानापूरच्या पुढं, रविवारीच. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड घेतलात तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते. बारीक व्हॉल्व्ह असेल तर पितळी अॅडाप्टर ट्यूबबरोबरच बांधून ठेवा. पंपावर मात्र थोडी थोडी भरा, सायकलच्या ट्यूबला क्षणात जास्त होते.

जंगलवाटांबद्दल एक सांगतो. खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्याच्या आत वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका. जांबोटी-कणकुंबीचा मुख्य रस्ता आणि गावाकडच्या पाणंदी फिरायला भरपूर आहेत.

पावसाळ्यात चेनची निगा दर चार-पाच दिवसांनी. डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्यानं पुसा, कोरडी होऊ द्या, प्रत्येक रोलरवर तेलाचा एक थेंब, पेडल उलटं फिरवा आणि बाहेरचं तेल पूर्ण पुसून टाका. बाहेर राहिलेलं तेल तांबडी धूळ धरतं, त्याचीच घासणारी लापशी होते. तेल डिस्कवर उडू देऊ नका, पॅडला लागलं तर ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही. झीज स्टीलच्या पट्टीनं मोजा: नव्या चेनमध्ये एका पिनच्या मध्यापासून पुढच्या चोविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत बरोबर १२ इंच भरतात. १२ आणि एक षोडशांश इंच झाले की चेन बदला. १२ आणि एक अष्टमांशापर्यंत थांबलात तर कॅसेटही बदलावी लागते.

नवी सायकल पहिले १५०-२०० किलोमीटर झाली की दुकानात परत न्या. गिअरच्या केबल तोवर ताणतात, आरे बसतात, कॅरिअर आणि मडगार्डचे बोल्ट सैल होतात. चाकांचा आऊट (डगमग) काढून घ्या, आणि मेकॅनिकला पेडलचे आर्म घट्ट करायला सांगा. डावा आर्म सैल राहिला आणि तसाच चालवला तर त्याचं चौकोनी भोक गोल होतं, मग तो कितीही आवळला तरी बसत नाही.