झडपेचं दुखणं : काय करायचं सोडलंत, ते आधी सांगा

हृदयाच्या झडपांबद्दल विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतो. झडपा चार : मायट्रल, एऑर्टिक, ट्रायकस्पिड आणि पल्मोनरी. रक्त पुढे जाऊ द्यायचं आणि मागे फिरू द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. पण ते दिवसाला साधारण १ लाख वेळा. बिघाडही मुख्यतः दोन तऱ्हांचे. झडप नीट उघडत नाही, म्हणजे ती अरुंद झाली. किंवा नीट मिटत नाही, म्हणजे ती गळते. कधी एकाच झडपेत दोन्ही असतं.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे आहेत. दुसऱ्याच कारणासाठी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केली, तेव्हा एऑर्टिक झडप खूपच अरुंद झाल्याचं कळलं. डॉक्टर झडप बदलायला सांगतात. बाबा म्हणतात, मला काही त्रास नाही, उगाच छाती कशाला उघडून घेऊ?

बाबांना त्रास होतो का, असं विचारू नका. दोन वर्षांपूर्वी जे सहज करत होते, त्यातलं आता काय करत नाहीत, ते विचारा. माझ्याकडे आलेले एक आजोबा असंच ‘काही त्रास नाही’ म्हणाले होते. सोबत आलेली नात म्हणाली, आजोबा हल्ली जिन्याच्या वळणावर थांबून खिडकीबाहेर बघत राहतात. आजोबा बाहेर बघत नव्हते, दम खात होते. झडपेचा आजार इतका हळू वाढतो की माणूस नकळत आपलं चालणं, चढणं, ओझं उचलणं कमी करत जातो. मग त्रास होणार तरी कसा?

निरोगी एऑर्टिक झडपेचं तोंड ३ ते ४ चौरस सेंटीमीटर उघडतं. ते १ चौरस सेंटीमीटरच्या खाली गेलं की आजार तीव्र समजतात. वयाबरोबर पाकळ्यांवर कॅल्शियम साठून त्या ताठ होतात. काहींना जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्या असतात, त्यांची झडप आणखी लवकर खराब होते. अरुंद तोंडातून रक्त ढकलायला हृदयाचा स्नायू जाड होत जातो आणि कित्येक वर्षं वेळ मारून नेतो. मग एक दिवस तोही थकतो.

तीन खुणा घरच्यांनी ध्यानात ठेवाव्यात : चढताना धाप लागणं, श्रम करताना छातीत दाटून येणं किंवा दुखणं, आणि श्रमात डोळ्यांपुढे अंधारी येणं किंवा भोवळ येऊन पडणं. झडप तीव्र अरुंद असताना यातली एक जरी सुरू झाली, तर झडप न बदलणाऱ्या रुग्णांचं पुढचं आयुष्य सरासरी २ ते ५ वर्षांचंच उरतं. हे कठोर वाटेल, पण बाबांना ते ठाऊक असायला हवं. ताठ झालेली झडप मोकळी करणारं औषध आज उपलब्ध नाही.

खरोखरच एकही लक्षण नसेल, तर घाई न करता लक्ष ठेवता येतं : सहा महिने ते वर्षाने इको, हृदयाची पंपाची ताकद कमी होतेय का ते पाहणं, आणि डॉक्टरांच्या नजरेखाली ट्रेडमिल चाचणी. लक्षणं असतील तर मात्र ट्रेडमिलवर चढवू नये, ते धोक्याचं असतं.

राहिला प्रश्न छाती उघडण्याचा. २००२ साली फ्रान्समधल्या रुआँ इथे डॉ. अलँ क्रिबिए यांनी नळीतून नवी झडप हृदयापर्यंत नेऊन पहिल्यांदा बसवली. ‘टावी’ म्हणतात ती हीच पद्धत. बहुतेकदा ती जांघेतल्या धमनीतून होते. बाबांच्या वयात तिचा विचार जरूर होतो. रक्तवाहिन्या आणि झडपेचा आकार सीटी स्कॅनवर योग्य दिसायला हवा, आणि काहींना नंतर पेसमेकर लागतो, हे आधीच समजून घ्या.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलीच्या छातीत ‘मर्मर’ ऐकू आला. ती खेळते, पळते, वजनही वाढतंय. झोप उडाली आहे.

शांत झोपा. मर्मर म्हणजे वाहत्या रक्ताचा आवाज. निरोगी मुलांमध्येही तो खूपदा ऐकू येतो. ताप किंवा अंगात रक्त कमी असताना तर जास्तच. डॉक्टरांना शंका असेल तर एक इको करून विषय संपवा. ओठ निळसर पडणं, खेळता खेळता बेशुद्ध होणं, वाढ खुंटणं यातलं काही असतं, तर माझं उत्तर वेगळं असतं.

प्रश्न : मी २७ वर्षांची आहे. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेते. मायट्रल झडप थोडी अरुंद आहे म्हणतात. आता बरं वाटतं. इंजेक्शन बंद करू का? आम्हाला मूलही हवं आहे.

इंजेक्शन स्वतःहून बंद करू नका. ते झडप बरी करण्यासाठी नाहीच. लहानपणी तुमच्या घशात स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा संसर्ग झाला असणार. त्यांच्याशी लढताना शरीराने चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि झडपेवर हल्ला केला. सांधे पूर्ववत झाले, झडपेवर वण राहिला. घसा पुन्हा तसाच बिघडला तर पुन्हा हल्ला होऊ शकतो, आणि दर हल्ल्यागणिक झडप आणखी आकसते. झडपेला इजा झालेली असेल तर किमान १० वर्षं किंवा चाळिशीपर्यंत, कधी त्याहूनही पुढे, हे इंजेक्शन द्यावं लागतं.

मुलाचा विचार आहे, तर ‘थोडी अरुंद’ म्हणजे किती, हे आधी आकड्यात कळायला हवं. म्हणून दिवस जाण्याआधी नवी इको करा. गर्भारपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि नाडीही जलद चालते. अरुंद मायट्रल झडपेतून तेवढं रक्त वेळेत हृदयाच्या खालच्या कप्प्यात उतरत नाही. ते मागे फुप्फुसांत तुंबतं. मायट्रलचं तोंड एरवी ४ ते ६ चौरस सेंटीमीटर असतं. ते दीड किंवा त्याहून कमी निघालं, तर आधी फुग्याने झडप मोकळी करून मग दिवस जाऊ देणं शहाणपणाचं. जपानचे डॉ. कांजी इनोउए यांनी १९८२ मध्ये सुरू केलेल्या या उपचारात जांघेतल्या शिरेतून फुगा नेऊन चिकटलेल्या पाकळ्या सोडवतात. छाती उघडावी लागत नाही.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. गरोदर बाईला दम लागतोच, असं म्हणून अनेकींना परत पाठवलं जातं. आडवं झाल्यावर दम कोंडणं, उशा रचून बसून झोपावं लागणं, रात्री गुदमरून जाग येणं, खोकल्यातून रक्त पडणं हे गर्भारपणातलं साधं दमणं नव्हे. असं झालं तर ‘मला झडपेचा आजार आहे’ हे पहिलं वाक्य म्हणा.

प्रश्न : वय ४८. मायट्रल झडप खूप गळते, ऑपरेशन ठरलं आहे. धातूची झडप घ्यावी की प्राण्याच्या ऊतीची?

त्याआधी शल्यविशारदांना विचारा : माझीच झडप दुरुस्त होईल का? मायट्रलच्या पाकळ्या बारीक दोऱ्यांनी हृदयाच्या स्नायूला बांधलेल्या असतात, हवाई छत्रीच्या दोऱ्यांसारख्या. दोरी तुटल्याने किंवा सैल पडल्याने झडप गळत असेल, तर अनुभवी हातांनी केलेली दुरुस्ती बदलण्यापेक्षा सरस ठरते. त्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला संकोच करू नका.

बदलावीच लागली, तर धातूची म्हणतात ती झडप (पाकळ्या खरं तर कार्बनच्या असतात) सहसा जन्मभर टिकते. रात्री खोली शांत झाली की तिची टिकटिक काहींना स्वतःला ऐकू येते. पण तिच्यावर गुठळी होऊ नये म्हणून वॉरफेरिनसारखी गोळी कायम घ्यावी लागते, आणि आयएनआर ही रक्ततपासणी नियमित करावी लागते. रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्या धातूच्या झडपेला चालत नाहीत. दुखण्यावरची गोळी मनाने घेऊ नका, रक्तस्राव होऊ शकतो. पालेभाज्यांनी वॉरफेरिनचा असर बदलतो, पण म्हणून त्या सोडायच्या नाहीत, फक्त रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं. ऊतीची झडप साधारण १० ते १५ वर्षांत खराब होते, तरुण वयात त्याआधीही. म्हणजे तुम्हाला बहुधा पुन्हा ऑपरेशन लागेल. नियमित तपासण्या जमणार असतील, तर तुमच्या वयात मी धातूकडे झुकेन. तपासणीची सोय नसेल किंवा सतत पडण्या-लागण्याचं काम असेल, तर ऊतीची झडप घेणंच बरं.

प्रश्न : पत्नीची झडप दोन वर्षांपूर्वी बदलली. दहा दिवस झाले, ताप येतो-जातो. अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी उतरतो आणि पुन्हा चढतो.

हे वाचून झाल्यावर लगेच त्यांना हृदयरोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्या. कृत्रिम झडपेवर जंतू बसले असण्याची शक्यता आहे. गोळ्यांनी ते दबतात, मरत नाहीत. उलट रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, सापडेनासे होतात. म्हणून बदललेली झडप असलेल्या माणसाला कारण न सापडणारा ताप आला, तर आधी कल्चरसाठी वेगवेगळ्या जागांहून रक्त घ्यावं, मग अँटिबायोटिक सुरू करावं. त्यांच्या गोळ्या सुरू झाल्याच आहेत, तर त्यांची पाकिटं सोबत न्या. झडप कोणती आणि कधी बसवली त्याचा कागद न्या, शेवटचा आयएनआर न्या. अलीकडे दाताचं काही काम केलं असेल, तर तेही सांगा. वाटेत बोलणं अडखळलं, हात-पाय लुळा पडला किंवा दम वाढला, तर सरळ तातडीच्या विभागात शिरा.