आई गेली तेव्हा रडलो नाही, फडताळ तोडताना रडलो

"मॅडम, माझं डोकं फिरलंय का?" समोर बसल्या बसल्या त्याने हेच विचारलं. (त्याला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.) वय चाळिशीच्या आसपास, नोकरी मुंबईत, घर मालवणच्या बाजूला. आईला जाऊन दीड वर्ष झालेलं. हॉस्पिटल, बारावं-तेरावं, बँकेचे कागद सगळं ह्यानेच निस्तरलं आणि तेव्हा डोळ्यातून टिपूस नाही.

मे महिन्यात रजा टाकून तो गावी आला, पाऊस लागायच्या आत जुनं स्वयंपाकघर पाडायचं आणि गणपतीला नवीन तयार पाहिजे असा बेत, मजुरी वाचेल म्हणून शाळेतले चार मित्र मदतीला आले. पहिला दिवस मस्त गेला. कडप्प्याचा ओटा निघाला, मोरी फुटली, जुनी गाणी, चहावर चहा. दुसऱ्या दिवशी एकाने भिंतीतल्या फडताळाच्या दारावर हातोडा मारला, दार उघडून लोंबकळलं आणि आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा दिसल्या. गॅसचा सिलिंडर लावला की आई तारीख लिहायची. एकाखाली एक, वर्षानुवर्षं, शेवटची ती आजारी पडायच्या आधीची. आणि आतून तिरफळांचा वास आला. मित्र म्हणाला, "सोड रे, वाळवी लागलीय," तर हा त्याच्या अंगावर ओरडला, हातोडा हिसकावला, मग विहिरीपाशी जाऊन ढसाढसा रडला. "काय झाला रे तुका?" ह्यावर त्याच्याकडे उत्तरच नव्हतं. त्या दिवसापासून काम बंद, मिस्त्रीचे फोन चालू, आणि ह्याला त्या खोलीत पाय टाकवेना.

असं विचारणारे माझ्याकडे खूप येतात हो. कुणाला साडी बोहारणीला देताना रडू येतं, कुणाला स्कूटर विकताना. आणि सगळ्यांना वाटतं, वेळेवर रडलो नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय.

मी आधी झोप, जेवण, दारू, जिवाचं बरंवाईट करायचे विचार, हे सगळं नीट विचारून घेतलं. झोप थोडी कमी होती, बाकी तो सावरलेला होता. मग त्याला सांगितलं की दुःख पायऱ्या चढल्यासारखं एका रांगेत जात नाही. स्ट्रोबे आणि शुट ह्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये हेच मांडलं, माणूस कधी दुःखात असतो, कधी कामात-व्यवहारात, आणि ह्या दोन्हींमध्ये येरझाऱ्या घालत राहतो. ह्याला दीड वर्ष नुसता व्यवहारच करावा लागला. रडायची पाळी आलीच नव्हती, ती त्या फडताळाशी आली. त्यात वास! वासाची वाट मेंदूत भावना आणि आठवणींच्या भागांना फार थेट जाऊन मिळते, म्हणून फोटो बघून जे होत नाही ते तिरफळांनी एका क्षणात केलं.

"मन घट्ट करून पाडून टाक" असं मी त्याला सांगितलं नाही, मला तो सल्ला अजिबात पटत नाही. म्हटलं, आठवडाभर हातोडा नको. ज्याच्यावर ओरडलास त्या एकालाच बरोबर घे, अर्धा तास आत बस, आणि त्याला त्या तारखा कसल्या ते सांग. मित्रांना आपण कारण सांगतच नाही, मग त्यांना ती नुसती वाळवी लागलेली फळी दिसते, त्यांचा तरी काय दोष?

दीड वर्षानंतर रडू येणं हा काही आजार नाही. पण सहा महिने उलटून गेल्यावरही जवळजवळ रोज ओढ-दुःख तेवढंच तीव्र असेल, कामधंदा, जेवणखाण, माणसं सगळं सुटत चाललं असेल, तर मात्र दाखवायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत (आयसीडी-११) अशा लांबलेल्या शोकाचं वेगळं निदान आहे आणि त्यावर उपचार होतात. जवळपास कुणी नसेल तर टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, दिवसरात्र लागतो, मराठीतही बोलतात.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. दोघं आत बसले होते, मित्र पण रडला, शाळेतून येताना तोही त्याच ओट्याशी जेवलेला. मग त्यानेच स्क्रू ड्रायव्हर आणून बिजागऱ्या सोडवल्या, दार अख्खं काढलं, बाकीचं चौघांनी मिळून पाडलं. नवीन किचनमध्ये ते दार लावायचं का, मिस्त्री विचारतोय. ह्याने अजून ठरवलेलं नाही, सध्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून पडवीत ठेवलंय.