‘पाऊस थांबल्यावर’ याला उपवाक्य म्हणायचं का?

प्रश्न असा आहे: ‘पाऊस थांबल्यावर आम्ही निघालो’ हे मराठीत केवल वाक्य. त्याचंच इंग्रजी ‘व्हेन द रेन स्टॉप्ड, वी लेफ्ट’ असं केलं की ते मिश्र वाक्य ठरतं. अर्थ तोच, मग प्रकार का बदलला? आणि क्लॉज नेमकं कशाला म्हणायचं?

प्रकार बदलतो, कारण केवल (एकच उपवाक्य असलेलं), संयुक्त (बरोबरीची उपवाक्यं जोडलेलं) आणि मिश्र (एक मुख्य उपवाक्य आणि त्यावर अवलंबून असलेलं, म्हणजे गौण, उपवाक्य असलेलं) ही वर्गवारी वाक्याच्या बांधणीवरून केलेली आहे, अर्थावरून नाही. विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी, उद्गारार्थी ही वर्गवारी अगदी वेगळी. दोन्ही एकाच वाक्याला एकाच वेळी लागू होतात: ‘डू यू नो हू ही इज?’ हे प्रश्नार्थीही आहे आणि मिश्रही. लांबीचाही इथे संबंध नाही. दोन ओळींचं वाक्य केवल असू शकतं आणि ‘कम इफ यू कॅन’ हे चार शब्दांचं वाक्य मिश्र असतं. त्यातल्या ‘कम’चा कर्ता ‘यू’ हा अध्याहृत, म्हणजे न बोलता गृहीत धरलेला आहे, एवढंच.

क्लॉज म्हणजे उपवाक्य. शालेय व्याकरणात त्याची अट अशी की शब्दसमूहात एक कर्ता हवा आणि त्या कर्त्याचं काळ दाखवणारं क्रियापद हवं. सगळा घोटाळा ‘काळ दाखवणारं’ हे शब्द नजरेतून सुटल्यामुळे होतो. म्हणून वाक्याचा काळ बदलून बघावा. ‘व्हेन द रेन स्टॉप्ड, वी लेफ्ट’ हे वर्तमानात नेलं की ‘व्हेन द रेन स्टॉप्स, वी लीव्ह’ होतं. दोन्ही क्रियापदं बदलली, म्हणजे उपवाक्यं दोन. आता मराठी वाक्य घ्या: पाऊस थांबल्यावर आम्ही निघालो, पाऊस थांबल्यावर आम्ही निघतो, पाऊस थांबल्यावर आम्ही निघू. तिन्हींत ‘थांबल्यावर’ जागचं हललं नाही. ते धातुसाधित आहे, म्हणजे धातूपासून बनलेलं पण स्वतः काळ न दाखवणारं रूप. त्याला ‘पाऊस’ हा स्वतःचा कर्ता असल्यामुळे ते उपवाक्यासारखं भासतं, पण काळ सांगण्याचं काम एकटं ‘निघालो’ करतं.

आणि ही काही दोन भाषांची दोन वेगळी व्याकरणं नव्हेत. इंग्रजीतही हा आशय केवल वाक्यात बसतो: ‘द रेन हॅविंग स्टॉप्ड, वी लेफ्ट’. संयुक्त करायचं तर ‘द रेन स्टॉप्ड अँड वी लेफ्ट’. मराठीतही ‘जेव्हा पाऊस थांबला, तेव्हा आम्ही निघालो’ असं मिश्र वाक्य होतंच. फरक आहे तो सवयीचा. आपण बोलताना सहज ‘-ल्यावर’, ‘-ताना’, ‘-ऊन’ वापरतो. इंग्रजी बोलणारा तिथे सहसा अख्खं उपवाक्य घालतो. त्याचं ‘हॅविंग स्टॉप्ड’ पुस्तकी वाटतं आणि आपलं ‘जेव्हा-तेव्हा’ थोडं भारदस्त.

इथे एक मतभेद सांगायलाच हवा. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजीच्या बृहद् व्याकरणात काळ न दाखवणाऱ्या अशा रचनांनाही उपवाक्यच म्हटलं आहे. त्यांच्या परिभाषेत ती नॉन-फायनाइट क्लॉज. माझं मत विचाराल तर ही मांडणी अधिक पटणारी आहे, कारण ‘पाऊस थांबल्यावर’मध्ये कर्ता आणि क्रिया दोन्ही स्वतंत्रपणे नांदतात हे ती मान्य करते. पण शाळेतल्या वाक्यपृथक्करणात, म्हणजे वाक्याचे भाग सुटे करून दाखवताना, उत्तर द्यायचं असेल तर काळाचीच कसोटी लावावी. दोन पुस्तकांत एकाच वाक्याची दोन उत्तरं दिसली तर बहुधा कारण हेच असतं.

संयुक्त की मिश्र, हे जोडणारा शब्द ठरवतो. अँड, बट, ऑर, नॉर, फॉर, सो, येट हे सात शब्द दोन बरोबरीची उपवाक्यं जोडतात. मात्र नुसता ‘अँड’ दिसला म्हणून वाक्य संयुक्त होत नाही. तो दोन नामंही जोडतो. बिकॉज, इफ, दो, व्हेन, अनलेस वगैरे शब्द ज्या उपवाक्याला लागतात ते गौण होतं. मराठी माणसाची हमखास चूक होते ती इथे. आपल्याकडे ही अव्ययं जोडीनं येतात: जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा. कान दुसऱ्या शब्दाची वाट बघत असतो, म्हणून ‘दो ही वॉज टायर्ड, बट ही वेंट ऑन’ असं तोंडून जातं. ‘दो’नं पहिलं उपवाक्य गौण केलं आणि ‘बट’ तर दोघांना बरोबरीचं मानायला सांगतो. दोन्ही एकदम शक्य नाही. एक काढावाच लागतो. ‘दो’बरोबर ‘येट’ किंवा ‘इफ’बरोबर ‘देन’ चालतं, कारण तिथे ते क्रियाविशेषण म्हणून येतात.

गौण उपवाक्याचे प्रकार तीन: नामवाक्य, विशेषणवाक्य, क्रियाविशेषणवाक्य. त्यासाठी जोडशब्दांची यादी पाठ करू नये, कारण एकच शब्द तिन्ही कामं करतो. ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’मध्ये ‘काय माहीत नाही?’ याचं उत्तर आहे, म्हणून नामवाक्य. ‘आय रिमेंबर द डे व्हेन ही केम’मध्ये कोणता दिवस ते सांगितलं आहे, म्हणून विशेषणवाक्य. ‘आय विल टेल यू एव्हरीथिंग व्हेन ही कम्स’मध्ये केव्हा सांगणार ते कळतं, म्हणून क्रियाविशेषणवाक्य. पहिल्या आणि तिसऱ्या वाक्यातली क्रियापदं शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे येणं भविष्यातलंच, पण नामवाक्यात ‘विल कम’ आणि कालदर्शक क्रियाविशेषणवाक्यात ‘कम्स’. उपवाक्याचा प्रकार ओळखणं हा केवळ परीक्षेतला खेळ नाही, ते यासाठी. प्रकार चुकला की बोलण्यातला काळही चुकतो.

जोडशब्द मुळीच नसेल तेव्हाही क्रियापदंच मोजावीत. ‘द बुक आय बॉट इज ऑन द टेबल’ यात ‘बॉट’ आणि ‘इज’ अशी दोन आहेत, म्हणजे वाक्य मिश्र. ‘आय बॉट’ हे विशेषणवाक्य ‘द बुक’ आणि ‘इज’ यांच्या मध्ये शिरलं आहे, त्यातला ‘दॅट’ गळला आहे, आणि मुख्य वाक्य त्याच्या दोन्ही बाजूंना विभागलं गेलं आहे. मराठीत आपण ‘मी घेतलेलं पुस्तक टेबलावर आहे’ म्हणतो, आणि काळ दाखवणारं क्रियापद तेवढं ‘आहे’ हे एकच उरतं.