आश्चर्य वेळेचं असू द्या, प्रश्नाचं नको

प्रश्न: मी ३१ वर्षांचा, ती २९. चार वर्षं आम्ही एकत्र आहोत. पुढच्या महिन्यात विमानानं एका नदीकाठच्या, टेकड्यांनी वेढलेल्या देखण्या शहरात चार दिवस जातोय. तिथल्या प्रसिद्ध जुन्या पुलावर, ऐन सूर्यास्ताला, गुडघ्यावर बसून लग्नाची मागणी घालायची असं ठरवलंय. माझा एक मित्र (तिच्याही ओळखीचा) आधीच पोचून झुडपाआडून फोटो काढेल. ड्रोन आणि व्हायोलिनवाला यांचीही चौकशी चालू आहे. अंगठीचं माप कसं मिळवू? वर्षभरापूर्वी लग्नाचा विषय निघाला तेव्हा ती 'दोन वर्षांनी बघू' म्हणाली होती. आणि चारचौघांत कुणी टक लावून बघितलं की ती अवघडते, पण हा क्षण वेगळाच असेल ना? — अधीर

प्रिय अधीर,

पत्रातल्या सगळ्यात महत्त्वाच्या दोन गोष्टी तुम्ही शेवटी घाईघाईत उरकल्या आहेत. आपण तिथूनच सुरुवात करू.

'दोन वर्षांनी बघू' याचा अर्थ होकार नाही, नकारही नाही. वर्षभरात तिचं मत बदललं असेल किंवा नसेलही, पण ते पुलावर, अंगठी हातात धरून कळून घ्यायची गोष्ट नव्हे. जाण्याआधी एखाद्या निवांत संध्याकाळी सरळ विचारा: "तेव्हा तू दोन वर्षं म्हणाली होतीस, आता काय वाटतं?" राहायचं कुठे, नोकऱ्यांचं काय, मुलं हवीत का, हेही त्याच ओघात बोलून घ्या. लग्न करायचं हे दोघांचं ठरलेलं असावं. कधी, कुठे आणि कसं विचारणार, एवढंच गुपित ठेवा. तिनं "अजून नको" म्हटलं तर अंगठी घरी ठेवून चार दिवस मजेत फिरून या.

दुसरी गोष्ट तिच्या अवघडण्याची. क्षण वेगळा असेल ही तुमची इच्छा आहे, तिचा स्वभाव तुम्हीच लिहिला आहे. गर्दीसमोर विचारलं की भोवतालची मंडळी टाळ्यांसाठी हात वर करून उभी राहतात आणि "जरा थांब, विचार करू दे" म्हणायची सोयच उरत नाही. तेव्हा व्हायोलिनवाला रद्द करा. ड्रोनही रद्द. त्याची घरघर तुम्ही खिशात हात घालायच्या आधीच सगळं फोडते, वरून दोघं ठिपक्यांएवढे दिसता, आणि अनेक शहरांच्या मध्यभागात परवानगीशिवाय तो उडवताच येत नाही.

आता पूल. पुलावर उभं राहिलं की पूल फोटोत येत नाही, दिसतो तो फक्त कठडा आणि इतर पर्यटकांच्या पाठी. पूल पार्श्वभूमीला हवा असेल तर काठावर उतरा. बहुतेक प्रसिद्ध जागांपासून तीस-चाळीस मीटर बाजूला सरकलं तरी मागचं दृश्य जवळपास तेच राहतं आणि माणसं एकदम विरळ होतात. पाण्यालगतच्या कठड्यापासून किमान दोन मीटर आत राहा. फटी असलेल्या लाकडी फळ्या आणि गटाराच्या जाळ्या टाळा. अंगठ्या नेमक्या अशाच ठिकाणी निसटतात. त्या दिवशी वारा असेल तर तो तिच्या तोंडावर येईल असं तिला उभं करा. मागून आला तर सगळे केस चेहऱ्यावर येतात.

सूर्यास्ताची वेळ हवामानाच्या ॲपवरून उचलू नका. ती मोकळ्या क्षितिजाची वेळ असते, तुमच्याकडे टेकड्या आहेत. हात पूर्ण लांब करून मूठ धरली तर ती आकाशात साधारण १० अंश व्यापते. सूर्य तासाला जास्तीत जास्त १५ अंश खाली येतो, म्हणजे एका अंशाला किमान ४ मिनिटं. टेकडी अर्ध्या मुठीएवढी उंच असेल तर सूर्य छापील वेळेच्या किमान २० मिनिटं आधीच गेलेला असतो, आणि मग लोक सावलीत उभे राहून 'सोनेरी उजेड कुठे गेला' म्हणत बसतात. सूर्य नेमका कुठे मावळतो तेही ऋतूनुसार सरकतं. 'सन सर्वेयर' किंवा 'फोटोपिल्स'सारख्या ॲपमध्ये तारीख आणि जागा टाकली की दिशा आधीच कळते. सूर्य दोघांच्या बाजूला किंवा तिरकस मागे असावा. समोरून आला तर ती डोळे बारीक करेल.

तिला पहाटे उठायचा कंटाळा नसेल तर सूर्योदयाचा विचार जरूर करा. तसाच उजेड, गर्दी जवळजवळ नाही. शिवाय पावसानं दगा दिला तर दुसरी सकाळ हाताशी राहते. त्यासाठीच मागणीचा दिवस पहिला किंवा दुसरा धरा, शेवटचा कधीच नको.

मित्राला झुडपातून बाहेर काढा. झुडपात लपलेला माणूस सगळ्यात आधी नजरेत भरतो, आणि याचा चेहरा तर तिच्या ओळखीचा. तिथलाच एखादा फोटोग्राफर ठरवा, ज्यानं अशी कामं केली आहेत. त्याला अर्धा तास आधी येऊन, साध्या कपड्यांत, शहराचे फोटो काढणारा पर्यटक बनून उघड्यावरच उभं राहू दे. व्यावसायिक फोटोंना किंवा ट्रायपॉडला परवानगी लागते का, हे त्यानं त्या जागेच्या व्यवस्थापनाला आधी विचारलेलं असावं. ठरवताना निव्वळ देखणे फोटो बघून भुलू नका. एका प्रसंगाचे सगळे फोटो दाखवायला सांगा, म्हणजे हलत्या क्षणात त्याचा फोकस टिकतो का ते कळेल.

त्याला जागा नुसती नकाशावर पाठवून भागत नाही. तो जिथून फोटो काढणार तिथून काढलेला एक फोटो मागवा आणि त्यावर तुमच्या उभं राहण्याच्या जागेवर खूण करा: डावीकडून तिसरा दिव्याचा खांब, त्याच्या अलीकडे दोन पावलं. निघण्यापूर्वी दोघांच्या कपड्यांचा फोटो पाठवा. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन एक तासासाठी चालू ठेवा (१५ मिनिटांचा पर्याय निवडलात तर जरा उशीर झाला की तो संपतो). त्याचं नाव फोनमध्ये ऑफिसमधल्या कुणाच्या तरी नावानं ठेवा आणि नोटिफिकेशनमध्ये मजकूर दिसणं बंद करा. अनेक गुपितं फुटतात ती टेबलावर उताण्या पडलेल्या फोनमुळे. दोन खुणा ठरवा. टोपी काढली की 'आता'. दुसरी, हात पाठीमागे बांधले की 'कॅमेरा बंद कर आणि निघून जा'. दुसरी बहुधा लागणार नाही, पण ती ठरलेलीच असावी.

उभं राहण्यातच निम्मा फोटो असतो, म्हणून हा भाग घरी आरशासमोर चार वेळा करून बघा. तुमच्या दोघांमध्ये एक रेघ आहे असं समजा. फोटोग्राफर त्या रेघेला काटकोनात, पण किंचित तुमच्या पाठीकडे सरकलेला हवा, म्हणजे तिचा चेहरा नीट दिसतो आणि तुमचा बाजूनं. कॅमेऱ्याच्या बाजूचा गुडघा जमिनीवर टेकवा, पलीकडचा वर. उलट केलंत तर वर आलेली मांडी तुमचं निम्मं अंग झाकते. डबी पलीकडच्या हातात धरा. अंतर हातभर, त्याहून दूर बसलात तर मधे पोकळी दिसते आणि अंगठी घालताना रांगत पुढे जावं लागतं. डबी चपटी घ्या, पँटच्या खिशात फुगवटा येणार नाही अशी. जाकीट असेल तर आतल्या खिशात ठेवा. झाकण कुठल्या बाजूनं उघडतं ते बोटांना पाठ हवं. घाबरलेला माणूस हमखास अंगठी स्वतःकडे तोंड करून उघडतो.

बोलायची वाक्यं तीन पुरेत, पण त्यातलं शेवटचं प्रश्नच असलं पाहिजे. भाषणाच्या भरात विचारायचंच राहून जातं, आणि समोरची व्यक्ती नुसतीच मान हलवत राहते. तिनं उत्तर दिल्यावर लगेच उठू नका. दहा-पंधरा सेकंद तसेच थांबा. तिच्या चेहऱ्यावरच्या भावांचे खरे फोटो त्याच वेळात मिळतात.

फोटोग्राफर अनुभवी असेल तर कॅमेऱ्याचं त्याच्यावर सोपवा. मित्रालाच पाठवायचा हट्ट असेल तर त्याला एवढं वाचून दाखवा: फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २०० मिमी लेन्सनं २० मीटरवरून साधारण साडेतीन मीटर रुंदीची चौकट मिळते, दोघं त्यात सहज मावतात. शटर १/५०० सेकंद किंवा जलद, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/४च्या आसपास म्हणजे दोघंही फोकसमध्ये राहतील, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ऑटो, फोकस सतत पाठलाग करणारा. आवाज, फ्लॅश आणि फोकससाठी लागणारा लाल दिवा बंद. बटण दाबून धरून ठेवायचं नाही, तीन-चार फोटोंचे छोटे झपाटे घ्यायचे. नाहीतर कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी भरते आणि नेमक्या मिठीच्या वेळी तो अडकतो. मागे उजळ आकाश असेल तर एक्स्पोजर (फोटोतला उजेड) +१ करायचं, नाहीतर चेहरे काळे येतात. मोबाइलच असेल तर डिजिटल झूम न करता जवळ, पाच-सहा मीटरवर उभं राहायचं आणि चेहऱ्यावर बोट दाबून फोकस-उजेड लॉक करायचा. व्हिडिओतून फोटो काढू असं म्हणेल, पण ४के व्हिडिओच्या चौकटीत सुमारे ८ मेगापिक्सेलच असतात आणि हलणारे हात पुसट येतात.

अंगठीचं माप: ती ज्या बोटात अंगठी घालणार त्याच बोटातली एखादी जुनी अंगठी तासभर सोनाराकडे न्या, तो सळईवर चढवून माप सांगेल. ते जमलं नाही तर आतला व्यास व्हर्नियर कॅलिपरनं मिलिमीटरमध्ये मोजा. अंगठी दुसऱ्या हाताची किंवा दुसऱ्या बोटाची असेल तर तो अंदाज धरू नका, लिहित्या हाताची बोटं बहुधा थोडी जाड असतात. शंका असेल तर किंचित सैल घ्या. उकाड्यात बोटं सुजतात, थंडीत आकसतात. वेढाभर खडे असलेली अंगठी नंतर लहान-मोठी करणं अवघड जातं, तेव्हा माप पक्कं नसेल तर ती घेऊच नका.

विमानात अंगठी हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या बॅगेत कदापि नाही. सुरक्षा तपासणीला तिच्या पुढे किंवा मागे चार माणसं सोडून उभे राहा. बॅग उघडायची वेळ आली तर बाजूला घेऊन तपासा अशी हळूच विनंती करा. सीमाशुल्काचा प्रश्न येणार असेल तर बिलही सोबत ठेवा, पण वेगळ्या कप्प्यात.

होकार मिळाला की फोटोग्राफरची तिच्याशी ओळख करून द्या. तो तिथे का होता ते तिला कळू दे, आणि आणखी फोटो काढायचे का हे तिला ठरवू दे. तिला हवे असतील तर सूर्य गेल्यावरची साधारण वीस मिनिटं फार छान असतात: आकाश निळं, शहराचे दिवे लागलेले. जेवायचं टेबल मागणीच्या वेळेनंतर दीड तासानं ठेवा, नाहीतर तुम्ही सारखे घड्याळ बघत राहाल. फोटो कुठे टाकायचे, कधी टाकायचे आणि टाकायचे की नाही, हे तिला विचारल्याशिवाय एकही बाहेर जाऊ देऊ नका. फोटोग्राफरलाही ते आधीच लेखी कळवा, कारण नमुना म्हणून त्याच रात्री टाकून मोकळे होणारे काही कमी नाहीत.