अंतराळवीर नासासारखी सरकारी नोकरी सोडून खाजगी कंपनीत का जातात? फक्त पैशासाठी?

पैसा हे एक कारण आहेच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण 'फक्त' हा शब्द खटकला म्हणून लिहितोय.

नासाचे अंतराळवीर ख्रिस फर्ग्युसन घ्या. 21 जुलै 2011 ला नासाचं अटलांटिस हे स्पेस शटल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारं अंतराळयान, त्यांनी उतरवलं आणि शटलची उड्डाणं कायमची थांबली. शटलमधून सात-सात जण जायचे. पुढे अंतराळवीरांना न्यायला उरलं रशियाचं सोयूझ यान, त्यात जागा तीन. वर्ष संपायच्या आत फर्ग्युसन बोइंग या खाजगी कंपनीत गेले, तिच्या स्टारलायनर या नव्या अंतराळयानाच्या कामावर. यान चालवलेल्या माणसालाच कळतं, जाड हातमोजा घातल्यावर कुठलं बटण दाबता येत नाही. तो माणूस यान बनतंय तिथे हवा.

हे इतक्या ठामपणे का सांगतोय? मी अकरा वर्षं एका सरकारी प्रयोगशाळेत ड्रॉइंग काढली आणि 2009 मध्ये राजीनामा देऊन एका खाजगी कारखान्यात गेलो. पहिल्याच महिन्यात माझंच जुनं ड्रॉइंग तिथे कामाला आलेलं. फिटरने बोल्टच्या ओळीवर खडूने खूण केली आणि विचारलं, "साहेब, पाना कुठून घालू?" बोल्ट आणि भिंतीच्या मध्ये बोटभरही जागा नव्हती. ड्रॉइंगवर तीन सह्या, पहिली माझी. अकरा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, कारण फिटर माझ्या टेबलापर्यंत कधी पोचलाच नव्हता.

आमचे अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. "पेन्शनला लाथ मारलीस," म्हणाले. सांगलीला चुलतभावाच्या लग्नात पाहुण्यांना सांगत होते, "डेप्युटेशनवर गेलाय." मी शेजारीच पंगतीत बसलो होतो. डेप्युटेशन नव्हतं, अण्णा. काम तेच होतं, फक्त आता भाग जोडताना मी समोर उभा असायचो.

खाजगीत सगळं सुरळीत असतं असंही नाही. स्टारलायनरच्या पहिल्या मानवी उड्डाणाचं नेतृत्व फर्ग्युसनच करणार होते. घरच्या कारणांसाठी, त्यात मुलीचं लग्नही होतं, 2020 मध्ये त्यांनी ती जागा सोडली. 2024 मध्ये यान नासाचे अंतराळवीर बुच विल्मोर आणि सुनीता विल्यम्सना घेऊन गेलं, थ्रस्टर, म्हणजे यान वळवणारी छोटी इंजिनं, बिघडले आणि परत आलं ते रिकामं.

तुम्ही स्वतःच सरकारी नोकरी सोडायच्या विचारात असाल तर खुशाल सोडा. डोक्यावर कर्ज असेल तर मात्र आधी घरी बोला. मी राजीनामा देऊन आलो आणि मग सांगितलं. तेवढ्यापुरता अण्णांचा राग बरोबर होता.