पैठणला संत एकनाथांचा राहता वाडा अजून आहे का? आणि पैठण हे जुनं बंदर होतं, हे खरं का?

वाडा आहे, आणि तिथं आजही रोजची पूजा चालते. गावात कुणालाही 'आतलं नाथ मंदिर' विचारा, तोच नाथांचा वाडा. गंगेकाठचं (इथं गोदावरीलाच गंगा म्हणतात) 'बाहेरचं नाथ मंदिर' म्हणजे समाधी. बाहेरगावची बरीच मंडळी समाधीचं दर्शन घेतात, उद्यानात जातात, पैठणी बघतात आणि वाडा न बघताच गाडीत बसतात. मला त्याचं फार वाईट वाटतं.

आधी बंदराचं सांगतो. पैठणला समुद्र कुठला! पैठणचा माल ज्या बंदरातून बाहेर जायचा ते गुजरातमधलं भडोच. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, अशी नोंद आहे. पैठणहून अकीकासारखे दगड, तेरहून मलमल आणि साधं कापड, असा माल धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला उतरायचा. पैठण ही सातवाहनांची राजधानी, त्यामुळे पेठ मोठी. पण बंदर नव्हे.

आता वाड्याकडे येऊ. नाथांचा काळ १५३३ ते १५९९. इतक्या वर्षांत डागडुजी होत आली आहे, तेव्हा तिथली प्रत्येक वीट नाथांच्या वेळची समजू नका. जागा मात्र तीच. देवघरात पांडुरंग आहे आणि ज्याच्यापाशी मी दरवेळी रेंगाळतो तो रांजणही आहे. प्रत्यक्ष देव श्रीखंड्या होऊन नाथांच्या घरी बारा वर्षं कावडीनं पाणी भरत होता, अशी श्रद्धा. हा तोच रांजण. तुकाराम बीजेपासून लोक त्यात पाणी ओतायला लागतात. म्हाताऱ्या बाया कळशी घेऊन रांगेत उभ्या असतात, कुणाला घाई नसते.

माझं ऐकाल तर वाड्यातून निघून गंगेपर्यंत चालत जा. गल्ल्यांमधून जुन्या वाड्यांचे लाकडी खांब आणि कोरीव काम दिसेल, काही ठिकाणी नुसत्या भिंती उरल्यात. नाथांच्या कितीतरी कथा याच घर ते घाट वाटेवर घडतात. स्नान करून परतताना एक जण पुन्हा पुन्हा अंगावर थुंकला आणि नाथ दरवेळी न रागावता परत गंगेवर गेले, ती इथली. तापलेल्या वाळवंटात रडणारं अस्पृश्याचं पोर त्यांनी उचलून कडेवर घेतलं, तेही याच गंगेचं वाळवंट. महार, जोशी, गोंधळी, वासुदेव, वाघ्या अशा सगळ्यांच्या तोंडून त्यांनी भारुडं बोलवली. मला वाटतं, नाना तऱ्हेची माणसं रोज घाटावर आणि पेठेत दिसत असल्याशिवाय असं लिहिणं होत नाही.

पुढे नागघाटावर ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवल्याची जागा आहे, तीही बघा. घाटाच्या वरच्या अंगाला जायकवाडी. १९७६ साली धरणाचं लोकार्पण झालं. आता घाटाला पाणी किती, हे धरणातून काय सोडलंय त्यावर ठरतं. पण त्याच पाण्यावर मराठवाड्याची शेती आणि संभाजीनगरचे नळ चालतात, म्हणून तक्रार करवत नाही.

नाथषष्ठीला, फाल्गुन वद्य षष्ठीला, दिंड्यांनी गाव भरून जातं आणि अष्टमीला काला होतो. तो सोहळा बघायचा असेल तर तेव्हाच या. वाडा निवांत बघायचा असेल तर इतर कुठल्याही दिवशी सकाळी लवकर या. संभाजीनगरहून अंतर पन्नासेक किलोमीटर, एसटी मिळते.

वेळ असेल तर दुसऱ्या दिवशी तेरलाही जा. तिथं गोरोबाकाकांचं घर आहे आणि लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या वस्तू बघायला मिळतात.