मुलीचे नाव ‘सम्राज्ञी’ ठेवावे का? त्याचा अर्थ काय आणि ते कितपत प्रचलित आहे?

आपण विचारले आहे की, मुलीसाठी ‘सम्राज्ञी’ हे नाव मनात भरले आहे, परंतु नावांच्या याद्यांमध्ये त्याचा अर्थ ‘सम्राटाची पत्नी’ एवढाच दिलेला आढळतो आणि ओळखीत हे नाव कोणाचेही नाही. अशा स्थितीत ते ठेवावे का? माझ्या पुतणीचे नाव हेच आहे. ते ठरवताना घरात बरीच चर्चा झाली आणि नंतर काही अडचणीही आल्या, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

प्रथम अर्थाविषयी. या शब्दाच्या मुळाशी ‘राज्’ हा धातू आहे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थ ‘दीप्ती’, म्हणजे तळपणे, शोभणे असा दिला आहे आणि सत्ता चालवणे हा अर्थही त्याच्याशी फार जुन्या काळापासून जोडलेला आहे. त्याला ‘सम्’ हा उपसर्ग लागला की ‘पूर्णपणे, सर्वांवर’ ही छटा येते. सम् पुढे ‘र’ आला की एरवी अनुस्वार होतो, जसे संरक्षण, संरचना. त्या न्यायाने ‘संराट’ व्हायला हवे होते, परंतु या एका शब्दासाठी संस्कृत व्याकरणकार पाणिनीने ‘मो राजि समः क्वौ’ (८.३.२५) असे स्वतंत्र सूत्र करून तेथील ‘म्’ कायम राखला. एका पदवीतील एका अक्षरासाठी व्याकरणकाराने वेगळा नियम सांगावा, यावरून तो शब्द त्या काळी किती रुळलेला असेल याची कल्पना येते.

राजा आणि सम्राट यांत मोठा फरक मानलेला आहे. ज्याने राजसूय यज्ञ केला आहे, जो राजमंडलाचा स्वामी आहे आणि जो इतर राजांवर आज्ञा चालवतो तो सम्राट, अशी व्याख्या अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात आहे. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात तर दिशांनुसार पदव्याच दिल्या आहेत: पूर्वेकडील राजांचा अभिषेक साम्राज्यासाठी होतो आणि त्यांना सम्राट म्हणतात, दक्षिणेकडील भोज, पश्चिमेकडील स्वराट, उत्तरेकडील विराट आणि मध्यदेशातील नुसते राजा. (आज एका क्रिकेटपटूमुळे घरोघरी पोहोचलेले ‘विराट’ हे नावही अशा रीतीने मुळात राजपदवीच्या पंक्तीतले आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.)

आता ‘सम्राटाची पत्नी’ या अर्थाकडे येऊ. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे, आणि माझ्या मते नावाचे खरे मोल त्यात हरवते. ‘सम्राज्ञी’ हा शब्द ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील विवाहसूक्तात येतो (१०.८५.४६): ‘सम्राज्ञी श्वशुरे भव सम्राज्ञी श्वश्र्वां भव। ननान्दरि सम्राज्ञी भव सम्राज्ञी अधि देवृषु॥’ सासऱ्यांच्या ठायी, सासूच्या ठायी, नणंदेच्या ठायी आणि दिरांवर तू सम्राज्ञी हो, असा हा नववधूला दिलेला आशीर्वाद आहे. या सूक्ताची ऋषी म्हणून परंपरेने सूर्या सावित्री या स्त्रीचेच नाव सांगितले जाते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, या ऋचेत नवऱ्याला कोठेही सम्राट म्हटलेले नाही. तो येथे सम्राट नाही, तरी ती सम्राज्ञी आहे. म्हणजे हे पद तिला त्याच्या पदामुळे मिळत नाही, ते तिचे स्वतःचे आहे. त्या काळापासून आजवर किती सासवांनी आणि नणंदांनी हा आशीर्वाद मनावर घेतला, हा अर्थातच वेगळा विषय आहे. हा सन्मान केवळ सासरच्या घरापुरता आहे, असा आक्षेप आमच्याकडे एका वडीलधाऱ्या बाईंनी घेतला होता, आणि तो मला रास्तही वाटला. पण नाव ठेवताना शब्दातील अधिकार घ्यावा आणि चौकट सोडून द्यावी, असे शेवटी ठरले.

प्रचलनाविषयी सांगायचे तर, अमेरिकेत नवजात बालकांच्या नावांची सरकारी आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध होते, तशी क्रमवारी आपल्याकडे निघत नाही; त्यामुळे ‘अमुक क्रमांकाचे नाव’ असे सांगणाऱ्या संकेतस्थळांवर फारसे विसंबू नये. अनुभवाने एवढे म्हणता येते की सम्राट, युवराज, राजश्री ही नावे सहज कानांवर पडतात, ‘राणी’ तर लाडाचे नाव होऊन गेले आहे, पण सम्राज्ञी क्वचितच भेटते. त्याचे कारण अर्थामध्ये नसून उच्चारामध्ये असावे, असे मला वाटते. दोन जोडाक्षरे, त्यांतील दुसरे ‘ज्ञ’, आणि हाक मारायला लांब. राजपदवीचे नाव ठेवण्यास आपल्या कायद्याची आडकाठी नाही. राज्यघटनेचे कलम १८ राज्यसंस्थेने किताब देण्यास मनाई करते, आईवडिलांनी नाव ठेवण्यास नाही. न्यूझीलंडमध्ये मात्र अधिकृत पदवीसारखी वाटणारी नावे नोंदवून घेत नाहीत, आणि ‘किंग’, ‘प्रिन्सेस’ यांसारखी नावे तेथे नाकारली गेली आहेत.

खरी अडचण लेखनाची आहे. पुतणीच्या जन्मदाखल्यावर पहिल्यांदा ‘साम्राज्ञी’ असे छापून आले. लिपिकाचे म्हणणे असे की ‘साम्राज्य’ शब्दात काना आहे, मग येथे का नको? त्याचा तर्क स्वाभाविक होता, पण साम्राज्य हे सम्राटपणाचे भाववाचक नाम आहे आणि प्रत्ययामुळे त्यात पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणजे ‘स’चा ‘सा’ होतो. सम्राज्ञी या शब्दात तसे काही घडत नाही. दाखला दुरुस्त करून घेण्यात दोन फेऱ्या गेल्या. नावाच्या नोंदणीसाठी घाई करू नये. नावाशिवाय झालेल्या जन्मनोंदीत १२ महिन्यांपर्यंत विलंबशुल्काशिवाय नाव घालता येते, तेव्हा अर्जावर ते स्वतःच्या हाताने, सुट्या ठळक अक्षरांत लिहावे आणि छापील प्रत कार्यालयातून बाहेर पडण्यापूर्वी वाचावी.

दुसरी गोष्ट रोमन लिपीची. मराठीत आपण ‘ज्ञ’चा उच्चार ‘द्न्य’ असा करतो, हिंदी भाषक ‘ग्य’ करतात, गुजराती भाषक ‘ग्न’. त्यामुळे त्याच नावाची स्पेलिंगे ‘डी-एन-वाय’, ‘जी-वाय’ आणि ‘जी-एन’ अशा तीन प्रकारे होतात. आमच्याकडे लसीकरणाच्या कार्डावर एक आणि आधारवर दुसरे झाले, आणि शाळाप्रवेशाच्या वेळी प्रतिज्ञापत्र करावे लागले. हे नाव जरूर ठेवा, मी तर आग्रहाने सांगेन. फक्त तीनांपैकी एक स्पेलिंग जन्मदाखल्यापूर्वीच ठरवा आणि पुढे प्रत्येक कागदावर तेच लिहा. हाकेला आम्ही ‘राज्ञी’ म्हणतो. तोही जुना, पूर्ण अर्थाचा शब्द आहे, आणि ती स्वतः विचारणाऱ्याला ‘यज्ञातला ज्ञ’ असे सांगून मोकळी होते.